पट्टीच्या मागचा बर्फ

थंडर बे,
मार्चचा दुसरा आठवडा

प्रिय आनिक्की,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. आपल्या घरात हा शब्द कुणी कधी वापरला नाही. तुझ्या आईने लग्नाआधी मला पाठवलेल्या पत्रांतसुद्धा वर नुसतं 'ओलावी' असायचं आणि खाली हवामान. पण फोन तू उचलत नाहीस, आणि मेल पाठवली तर पहिली ओळ वाचून पुसून टाकशील. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. ब्रेंडन हे पत्र घेऊन उद्या सकाळच्या विमानाने तुझ्याकडे सेंट जॉन्सला यायला निघतोय. आपल्या हँगरातल्या सगळ्या मेकॅनिकांत तू त्याचं एकट्याचं ऐकतेस म्हणून त्यालाच गाठलं. तुझं हे सगळं वाचून होईपर्यंत तुझ्यासमोरून हलायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. "तिने अंगावर फेकलं तर?" असं मी विचारलं. म्हणाला, "मग उचलून परत देईन. न्यूफाउंडलंडमध्ये जन्मलोय, वाऱ्यावर उडालेल्या वस्तू गोळा करण्यात माझं बालपण गेलंय."

आधी इथलं सांगतो. सरोवर अजून गोठलेलं आहे, पण वरचा थर दुपारी मऊ पडायला लागलाय आणि लोकांनी मासे धरायच्या झोपड्या किनाऱ्याला ओढून आणायला सुरुवात केली आहे. माझी अजून आतच आहे. या हिवाळ्यात मी तिथे फारसा गेलोच नाही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदू चांगलाच पिकला होता म्हणे. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बंदरावरच्या धान्याच्या कोठ्या स्वच्छ दिसतात, आणि मी घासलेल्या भांड्यांवरचे डागही. सौनाच्या धुराड्याची वरची वीट निखळली होती, ती बसवली. शनिवारी सिर्क्काकाकू येते, वेलदोड्याचा गोड पाव आणते, सौनाच्या वाफेत बसते, मग कॉफीला थांबते. तुझ्या आईचे कोट मी अखेर चर्चमध्ये देऊन टाकले. निळा ठेवला. तो का ठेवला ते विचारू नकोस; मला तो अंगालाही होत नाही.

तुला वेइक्कोकाका कितपत आठवतो? कधी कधी वाटतं, तुला आठवतो तो आमच्या सांगण्यातलाच. माझा खराखुरा भाऊ वेइक्को फार बडबड्या होता, फिनिश माणसाला शोभणार नाही इतका. सुट्टीच्या दिवशी तो तुला विमानतळावर न्यायचा, उभ्या विमानात स्वतःच्या, पायलटच्या जागेवर बसवायचा आणि टोपी काढून विचारायचा, "कॅप्टन, आज कुठे?" तू दर वेळी "घरी" म्हणायचीस आणि तो कपाळावर हात मारून घ्यायचा. "अख्खं आकाश दिलंय पोरीला, आणि हिला घरी जायचंय!" हे तो घरी जाऊन आपल्या बायकोला, सिर्क्काला सांगायचा, मला सांगायचा, पोस्टातल्या बाईलासुद्धा सांगायचा.

तो गेला त्या दिवशी उत्तरेच्या वस्त्यांसाठी टपाल, किराणा आणि सुट्टीवरून परतणारी एक नर्स घेऊन निघाला होता. ऑक्टोबर संपत आला होता. पडताना पाणी आणि टेकताच बर्फ, असला बारीक पाऊस त्याला वाटेत लागला. त्या विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला रबरी पट्टे होते, अजूनही बहुतेक लहान विमानांना असतात तसेच. हवा भरली की ते फुगतात आणि वर चढलेला बर्फ तडकून उडून जातो. पट्टे चालू होते, नीट फुगत होते. रेडिओवर तो शेवटी काय बोलला ते आम्ही तुला कधी सांगितलं नाही. तो म्हणाला, "पुढची कड साफ दिसतेय. तरी विमान हातात राहत नाही. का, ते कळत नाही." मी ती टेप ऐकली आहे. त्याच्या आवाजात भीती नव्हती. घरातली किल्ली नेहमीच्या खिळ्यावर नसली की माणूस बोलतो ना, तसा तो बोलत होता. चौकशीत नंतर निघालं की थेंब मोठे होते. ते कडेवर लगेच गोठले नाहीत, रबरावरून वाहत मागे गेले, आणि जिथे पट्टा संपतो तिथे गोठून त्यांचा लांबच लांब बांध तयार झाला. पायलटला ती जागा दिसत नाही. वारा त्या बांधाला अडखळून पंखावरून सुटला, विमान एका कुशीवर वळलं, आणि ते पुन्हा सरळ झालंच नाही. ती नर्स तुझ्या आजच्या वयाहून लहान होती.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, कारण तू त्यातच वाढलीस. गिरणीतली नोकरी संपवून घरी आलो की मी गॅरेजमध्ये. विजेने बर्फ काढायचा, पट्ट्यांनी नाही, एवढंच डोक्यात होतं. आधी ठोक्याची रीत करून पाहिली: पंखाच्या पत्र्याखाली तारेची वेटोळी बसवायची, त्यांतून क्षणभर जोरदार वीज सोडायची, की पत्रा आतून दणका बसल्यासारखा थरारतो आणि वरचा बर्फ फुटून उडतो. तुझी आई वह्या तपासता तपासता स्वयंपाकघरातून ओरडायची, "ओलावी, गॅरेजमध्ये कोणीतरी दार ठोठावतंय, जरा उघड तरी!" बर्फ उडायचा खरा, पण ठोके खाऊन खाऊन पत्रा थकला, त्याला केसासारख्या चिरा गेल्या, आणि ते सगळं मी उतरवून ठेवलं. मग ही दुसरी रीत. कडेवर धातूचा इतका पातळ थर चढवायचा की नखाने खरवडता येईल, आणि त्यातून पापणी लवते तेवढ्या वेळासाठी विजेचा झोत सोडायचा. सगळा बर्फ वितळवायचाच नाही. पत्र्याला चिकटलेला तळचा पदर तेवढा सुटला की वरची लादी वाऱ्यानेच निघून जाते. सतत तापवत बसायचं तर लहान विमानाच्या जनरेटरला ती वीज झेपत नाही. माझ्या रीतीला तिच्यातली जराशीच पुरत होती. म्हणजे उत्तरेला टपाल आणि नर्स नेणाऱ्या जुन्या विमानांनाही ती बसवता आली असती. सगळा जीव त्या एका गोष्टीत होता.

लादी पहिल्यांदा अख्खी घसरली तो दिवस तुला आठवत असेल. गळ्यात स्केट अडकवून तू दारात उभी होतीस. मी बटण दाबलं, आवाज काहीच झाला नाही, आणि हातभर बर्फ पंखाच्या तुकड्यावरून सरकून जमिनीवर फुटला. मला वाटलं पंखच मोडला. तू किंचाळून आईला बोलावलंस. ती आली, तिने बघितलं, एक तुकडा उचलून आपल्या कॉफीत टाकला आणि म्हणाली, "चला, इतक्या वर्षांत काहीतरी उपयोग झाला." मग ती बाहेर ओट्यावर जाऊन रडली. ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलं. वेइक्को तिचा शाळेपासूनचा मित्र होता, माझ्या आधीपासूनचा.

पुढे पैसे घालायला मॅक्स्टेड आला, त्याची कंपनी आली, हँगर मिळाला. माझ्या नावाखाली 'मुख्य रचनाकार' असं लिहिलेली पाटी दारावर लागली. आणि त्याच वर्षी तुझी आई आजारी पडली. ती गेल्यावर तू एकदा स्वयंपाकघरात येऊन बसलीस आणि आपल्या बापाला म्हणालीस, "इसा, मी एअरलाइन सोडतेय. लोकांना फ्लोरिडाला नेऊन उन्हात सोडायचा मला कंटाळा आलाय. तुझं विमान मी उडवणार." मी तुला कॉफी ओतली. पण त्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो आणि तुझ्या आईच्या मरणानंतर पहिल्यांदा मला भूक लागली. ते कंटाळ्याचं खोटं होतं हे मला कळायला हवं होतं. तू लहानपणापासून कधीच कशाला कंटाळलेली नाहीस.

आता बोगद्याचं. तुला कंपनीचा अहवाल मिळालाय, पण अहवालात माणसांचे चेहरे नसतात म्हणून सांगतो. फेब्रुवारीत आम्ही तो मोठा वाऱ्याचा बोगदा भाड्याने घेतला, जिथे थंडी, वारा आणि थेंबाचा आकारसुद्धा हवा तसा ठेवता येतो. पंखाचा खराखुरा तुकडा आत बसवला. नेहमीच्या ढगात सगळं उत्तम झालं. मग मी वेइक्कोचं आकाश मागितलं: पारा गोठणबिंदूच्या जेमतेम खाली, आणि मोठे थेंब. झोत सोडला, पुढची कड लखलखीत. पुन्हा बर्फ धरला, पुन्हा झोत, पुन्हा लखलखीत. काचेमागची माणसं टाळ्या वाजवायला लागली, मॅक्स्टेडने माझी पाठ थोपटली. मी म्हटलं, थांबा, चालू ठेवा, आणि दिवा पट्टीच्या मागे वळवा. दिवा वळवला. तिथे, आमची तापणारी पट्टी जिथे संपते त्याच रेषेवर, बोटभर उंचीचा बांध होता. काचेसारखा. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोरी धरून आखल्यासारखा सरळ. प्रत्येक झोताला तळचा पदर सुटत होता, त्याचं पाणी होत होतं, आणि ते पाणी मागे जाऊन गोठत होतं. रबर जे नकळत करत होतं ते माझी वीज अधिक नेमकेपणाने करत होती. आनिक्की, ज्या गोष्टीने माझ्या भावाचा जीव घेतला, तीच मी इतकी वर्षं खपून नव्याने बनवली होती. टाळ्या थांबल्या हे मला नंतर कळलं. मी काचेला कपाळ टेकून उभा होतो.

तू म्हणशील, पट्टी रुंद करायची. मीही तेच म्हणालो, आणि घरी येऊन दिवसच्या दिवस आकडे मांडले. पट्टी मागे वाढवली की बांध आणखी मागे सरकतो, आणि विमान डावी-उजवीकडे कलवणारी फळी पंखाच्या मागच्या कडेला असते, तिच्या अधिकच जवळ जातो. सगळा पंख झाकायचा तर वीज जनरेटरच्या आवाक्याबाहेर जाते, म्हणजे मी ज्या विमानांसाठी हे केलं त्यांनाच ते बसत नाही. मोठ्या जेटना बसेल, पण त्यांना याची गरजच नाही, त्यांच्याकडे इंजिनाची गरम हवा असते. मी हिशेब उलटे मांडले, सुलटे मांडले. कुठे चूक सापडावी म्हणून मी इतका आतुर आयुष्यात कधी नव्हतो. चूक नव्हती.

मॅक्स्टेड वाईट माणूस नाही, हे मी तुझ्याजवळ आधीही बोललोय. तो बोगद्यातून बाहेर आला तेव्हा त्याचाही रंग उडाला होता. पण त्याच्यावर माणसं आहेत, त्यांना तो काय सांगणार? तो म्हणाला, "ओलावी, असला पाऊस एका पायलटला जन्मात कितीदा लागतो?"

मी म्हणालो, "माझ्या भावाला एकदाच लागला."

तो म्हणाला, "म्हणून तर खऱ्या आकाशात बघायचं. बोगदा म्हणजे आकाश नव्हे. कदाचित वर तो बांध धरणारच नाही, वाऱ्याने सुटून जाईल. आणि तुझ्या मुलीपेक्षा चांगला पायलट आहे का तुझ्या ओळखीत?" नव्हता. हे त्याला पक्कं माहीत होतं.

त्यानंतर तू घरी आलीस तो रविवार. मी माशांचं सूप केलं होतं, बडीशेपेचा पाला घालून, तुला आवडतं तसं. तू ते चमच्याने नुसतं ढवळत बसलीस आणि म्हणालीस, "इसा, बोगद्यातला पंख बोल्टांनी आवळलेला असतो. त्याला पळून जाता येत नाही. मला येतं. मी खालच्या थरात शिरेन, तुला हवा तेवढा बर्फ धरेन, आणि विमान जरा जरी हातातून सुटायला लागलं तरी वर उबदार हवेत निघून जाईन. टेस्ट पायलट याचसाठी असतो. नाहीतर मी काय, पंख्यासमोर बसायला आलेय?" मी वेइक्कोचं नाव काढलं. तू तयारच होतीस. "वेइक्कोकाकाला काय होतंय ते कळलं नव्हतं. मला कळणार आहे. तू पंखाच्या मागे कॅमेरा लावलायस, मला समोर पडद्यावर बांध दिसणार आहे. दोघांत एवढा फरक आहे, आणि तो तूच केलायस." तुझं म्हणणं बरोबर असू शकतं. तू आत शिरली असतीस, बघितलं असतंस आणि हसत बाहेर आली असतीस, हे अगदी शक्य आहे. पण मी ती टेप ऐकली आहे, आणि "हातात राहत नाही" पासून पुढच्या शांततेपर्यंत किती जागा असते ते मला माहीत आहे. तिथे पडद्याकडे बघायला वेळ नसतो. मी एवढंच म्हणालो की जाऊ नकोस. तू खुर्ची मागे सारलीस. लहानपणी राग आला की तू मला इसा न म्हणता नावाने हाक मारायचीस, तशीच मारलीस. "ओलावी हाकाला, तू म्हातारा झालास, आणि भित्रा झालास. आई असती तर तिने तुला गॅरेजमध्ये कोंडून बाहेरून कडी घातली असती." बुटांचे बंद न बांधताच तू बर्फात उतरलीस. गाडीत बसून ते बांधत होतीस, मी खिडकीतून बघत होतो. मग तू गेलीस.

सूप मी फेकून दिलं. तेव्हापासून गॅरेजमध्ये गेलेलो नाही. सकाळी उठतो, कॉफी करतो, मग काय करायचं ते सुचत नाही. आयुष्यभर सकाळी मला काय करायचं ते ठाऊक असायचं. गॅरेजच्या बाजूच्या दारासमोर बर्फ साठलाय, फावडं हातात घ्यावंसं वाटत नाही. माणसाचं एखादं काम बिघडतं तेव्हा तो म्हणतो, पुन्हा करू. हे बिघडलेलं नाही. ते मी ठरवलं तसंच चालतं, आणि चालल्यानेच मारतं. रात्रंदिवस विचार केला तरी याच्यापुढे मला जाता येत नाही. वेइक्कोसाठी म्हणून मी जे उभं केलं ते त्याच्यासमोर नेऊन दाखवायची वेळ आली असती, तर मी कुठल्या तोंडाने दाखवलं असतं?

गेल्या शनिवारी सिर्क्का आली. सौनातून बाहेर पडल्यावर डोक्याला पंचा गुंडाळून बसली होती, आणि मी तिला सेंट जॉन्सचं सांगत होतो. तुम्ही विमान तिथे नेऊन कसे पावसाची वाट बघत हँगरात पत्ते खेळत बसलायत, आणि पोरीला कसं हेच हवंय. ती एकदम म्हणाली, "तिला नको होतं, ओलावी. तुझ्या कारिनाने तिच्याकडून शब्द घेतला." मी समजलो नाही. मग तिने सांगितलं. हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात, मी घरी कपडे बदलायला गेलो होतो तेव्हा, आईने तुझा हात धरून सांगितलं, की माझ्यामागे हा माणूस त्या पंखापाशी एकटा पडेल. तो मागणार नाही, पण तू जा, आणि त्याचं पुरं होईपर्यंत सोडू नकोस. आणि तू हो म्हणालीस. मग एअरलाइनचा राजीनामा देऊन आलीस त्या दिवशी आपल्या घरी यायच्या आधी सिर्क्काकडे गेलीस आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडलीस. लांबचा पल्ला मारून पहाटे उतरायचीस, सगळे प्रवासी झोपेत असायचे आणि खाली दिवे विझत असायचे, तेच तुझं सगळ्यात आवडतं होतं, असं तू तिला सांगितलंस. मला तू फ्लोरिडाचा विनोद सांगितलास, आणि मी कॉफी ओतली.

मला तुझ्या आईचा राग येत नाही. तिला माझी काळजी होती, आणि बांधाचं तिला काय माहीत? पण तू खाली मान घालून हे ओझं इतकी वर्षं वाहत होतीस आणि मला वाटत होतं की तुला माझ्यासारखंच वेड लागलंय. मला त्याचा किती अभिमान वाटायचा, आनिक्की. मेकॅनिक लोकांना मी सांगायचो, रक्तात असतं. सिर्क्का गेल्यावर मी तुझ्या आईचा तो निळा कोट खुंटीवरून काढला, आणि पहिल्यांदाच तिच्याशी मोठ्याने भांडलो. शेजारच्या कुत्र्याने भुंकून साथ दिली. त्यातून काही निघालं नाही.

आणि आता हे पत्र का लिहिलं ते. परवा सकाळी तुमच्या भागाचं हवामान बघितलं. गुरुवारी समुद्रावरून तोच पाऊस येतोय, पारा गोठणबिंदूच्या जेमतेम खाली, मोठे थेंब, खालपासून वरपर्यंत ढग. इतके दिवस तुम्ही ज्याची वाट बघितली तेच आकाश. मी रात्रीची बस पकडून काल विनिपेगला गेलो, विमान खात्याच्या कार्यालयात. आपल्या विमानाच्या परवान्यावर रचनाकार म्हणून माझी सही आहे. त्या सहीवाचून ते विमान जमिनीवरून उचलता येत नाही. ती मी परत घेतली. ही रीत असुरक्षित आहे आणि कोणत्याही विमानाला बसवू नये, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं, आणि बोगद्यातले फोटो जोडले. तिथल्या बाईने दोनदा विचारलं, "ही तुमचीच रचना ना?" परवाना आज रद्द झाला. मॅक्स्टेडने मला दुपारी काढून टाकलं, ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "तू तिला विचारायला हवं होतंस." कंपनी हे काम बंद करणार, पंख भंगारात जाईल, आणि दुसऱ्या कुणी हे हातात धरावं असं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. तुला कंपनीकडून कळायच्या आत माझ्याकडून कळावं म्हणून ब्रेंडनला धाडलंय. आईला दिलेला शब्द आता संपला. पुरं करायला काही उरलेलंच नाही. मी तुझ्या हातातून तुझं काम हिसकावलं, तेही पाठीमागून, आणि तू वर जाऊन सुखरूप परत आली असतीस की नाही हे आता आपल्या दोघांनाही कधीच कळणार नाही. तू मला याची माफी देणार नाहीस. ती मागायला लिहिलेलं नाही. मी ब्रेंडनला सांगितलंय की तू काय बोललीस, रडलीस की शिव्या दिल्यास, ते मला कळवू नकोस. गुरुवारी पाऊस सुरू झाल्यावर ती जमिनीवर आहे, एवढंच फोन करून सांग. तेवढ्यासाठी मी घरी बसून आहे.

तू नको म्हणालीस तरी तुझाच,
इसा